धाकट्याची करवली

आमच्या वाद्यवृंदाचे थोरले संचालक जिवंत माणसाने लिहिलेलं संगीत वाजवायला घेत, तेव्हा चबुतऱ्यावर चढण्याआधी हातमोजे घालत. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. मी कॉन्ट्राबास वाजवायचो, ते उभं राहून वाजवायचं वाद्य, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यांवरून मला चबुतरा सरळ दिसायचा. मेलेल्या माणसाचं संगीत असलं की हात उघडे, जिवंत माणसाचं असलं की मोजे.

ही मोजे घालायची वेळ त्यांच्यावर बिस्किटांनी आणली. बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकीणबाई वारल्या आणि जाताना आमच्या सभागृहासाठी भरघोस ठेवून गेल्या, पण एका अटीवर. आम्ही ज्यांच्या सिम्फनी वर्षानुवर्षं वाजवत होतो ते थोर संगीतकार मरून दोनशे वर्षं झाली होती. थोरले त्यांचं नाव सख्ख्या आजोबांचं घ्यावं तसं घेत, म्हणून आम्हीही त्यांना आजोबाच म्हणायचो. तर आजोबांच्या प्रत्येक सिम्फनीला जोडीदार म्हणून आजच्या कुणीतरी एक नवी रचना करायची, आणि ती सिम्फनीच्या अगदी आधी वाजवायची. वाद्यं आजोबांनी वापरली तीच, वर एक घंटीसुद्धा नाही. नवीचा शेवटचा सूर विरायच्या आत जुनी सुरू व्हायची, मध्ये टाळ्या नाहीत.

व्यवस्थापकांनी पत्रिकेवर ‘सहचारी रचना’ असं छापलं. आम्ही तिला करवली म्हणायचो. नवरी मांडवात आली की करवलीकडे कोण बघतंय?

थोरल्यांनी मात्र करवलीला मांडवापर्यंत पोचूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आमच्या सभागृहाचा दंडक असा, की सूर लिहिणाऱ्याने लिहिले तसेच वाजवायचे, पण ते किती वेगात आणि किती जोरात, ते संचालकाने ठरवायचं. थोरल्यांना तेवढी फट पुरे होती. पानावर जे लिहिलं असेल त्याच्या बरोबर उलट करायचं. पहिल्या करवलीच्या पानांवर ‘गर्जून’ असं होतं. थोरल्यांनी ती इतकी हळू वाजवून घेतली की लोकांना आपापल्या पोटातले आवाज ऐकू आले. दुसरी एका बाईंची होती. तिच्यात मधोमध क्षणभर शांतता होती, ती थोरल्यांनी एवढी ताणली की कार्यक्रम संपला असं समजून पहारेकऱ्याने दिवे मालवले. तिसरीचा कर्ता तालमीतच खुर्चीवरून घसरला, तो पुढे संगीत सोडून मधमाश्या पाळायला लागला असं ऐकलं. मधमाश्यांचं मी शपथेवर सांगणार नाही.

चौथी करवली लिहायचं काम व्यवस्थापकांनी धाकट्याला दिलं.

धाकटा म्हणजे थोरल्यांचा सख्खा भाऊ. दोघांमध्ये बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा घरात एकच पियानो होता. थोरल्यांनी पियानो नेला, धाकट्याने त्याचं स्टूल उचललं, आणि त्या दिवसापासून थोरले स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उशी ठेवून पियानो वाजवत होते आणि धाकटा त्या उत्तम स्टुलावर बसून टेबल. दोघांच्या मध्ये होत्या वहिनी, म्हणजे थोरल्यांच्या बायको. त्या आमच्यातच व्हिओला वाजवायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा शाळेत होता, त्याच्या नाकाला रुमालही त्यांनीच लावलेला.

व्हिओला वाजवणाऱ्यांचं नशीब असं असतं की व्हायोलिनवाले वरून कुरकुरतात, चेलोवाले खालून घोगरतात आणि मधलं काय ते कुणी ऐकतच नाही. वहिनींचा हात मऊ होता, पण सगळ्या हयातीत त्यांना एकटीने वाजवायला एक ओळ मिळाली नव्हती. थोरले म्हणायचे, “आजोबांनी दिली नाही, तर मी कुठून देऊ?”

धाकट्याच्या करवलीची पानं वाटली गेली, आणि वहिनींच्या पानावर मधोमध वर लिहिलं होतं, ‘व्हिओला, एकटी. अति सावकाश.’ वहिनींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग बाजूच्या बाईला म्हणाल्या, “भावोजींनी आठवण ठेवली हो.”

पहिल्या तालमीला धाकटा येऊन सभागृहात पाचव्या रांगेत बसला. थोरले चबुतऱ्यावर. मध्ये जेमतेम एका खोलीएवढं अंतर.

“अगं,” थोरले पानांवरून नजर न काढता वहिनींना म्हणाले, “त्या गृहस्थांना विचार, ही आजोबांची चाल इथे काय करतेय?”

कारण करवलीभर आजोबांचीच चाल होती. त्या सिम्फनीच्या मध्यावर एक संथ शोकाची चाल येते, ती ऐकताना थोरल्यांचे डोळे दरवेळी भरून यायचे. तीच चाल धाकट्याने उचलून, तुकडे करून, या वाद्याकडून त्या वाद्याकडे टाकली होती.

वहिनी मान वळवून म्हणाल्या, “भावोजी, हे विचारताहेत...”

“ऐकलं. सांगा तुमच्या ह्यांना, सोबतीला यायचं तर ओळख नको दाखवायला?”

“अहो, ते म्हणताहेत...”

“मला कान आहेत. त्याला म्हणावं, ओळख दाखवणं वेगळं आणि खिशात हात घालणं वेगळं.”

“वहिनी, त्यांना म्हणावं पानावरचं वाचा. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ‘अति सावकाश’ लिहिलंय. माझी एवढीच विनंती आहे.”

थोरल्यांच्या मिशीच्या एका टोकाला हसू फुटलं. आम्हाला ते टोक ओळखीचं होतं. त्यांनी काठी उचलली आणि अशी सपाट्याने खाली आणली की आमच्या पुढच्या रांगेची पानं उडाली. अति सावकाश लिहिलेली ती करवली शेपटीला डबा बांधलेल्या मांजरासारखी सुटली.

आणि काय सांगू, मजा आली! ती शोकाची चाल त्या वेगात म्हणजे प्रेतयात्रेला निघालेली माणसं अचानक बस पकडायला धावत सुटावीत तशी. मध्ये मध्ये बासूनला, म्हणजे त्या लांबलचक घोगऱ्या फुंकवाद्याला, एकेक सुटा सूर होता, तो ऐन धावपळीत उचकी लागल्यासारखा यायचा. ट्रॉम्बोनवाला हसून हसून फुंकेना. सगळ्यात वाईट हाल वहिनींचे. त्यांची ती एकटीची ओळ आली कधी आणि गेली कधी, त्यांनाही कळलं नाही. कोंबडी अंगणातून तुरुतुरु पळावी तेवढंच.

पाचव्या रांगेत धाकटा उभा राहून ओरडत होता. “हळू! अरे हळू! हा खून आहे! वहिनी, सांगा त्यांना!”

“अगं, त्याला म्हणावं,” थोरले काठी थांबवत म्हणाले, “मला म्हातारपणी कमी ऐकू येतं.”

चहाच्या सुट्टीत वहिनी धाकट्याला गाठायला गेल्या. वादकांच्या खोलीत वाद्यांच्या पेट्यांची रास असते, तिच्या एका बाजूला मी माझा कप घेऊन बसलो होतो आणि दुसऱ्या बाजूला ते दोघं. मी काही मुद्दाम ऐकत नव्हतो, पण उठूनही गेलो नाही.

“भावोजी, तुम्ही व्यवस्थापकांकडे जा,” वहिनी म्हणाल्या. “ते तुमच्या रचनेची चाळण करताहेत. मी घरी बोलते, तुम्ही इथे बोला.”

“राहू द्या हो वहिनी. चालू द्या.”

“चालू द्या? आत्ता खून खून म्हणून ओरडत होता ना?”

“ओरडलो. आता बरं वाटलं. बिस्किट घ्या.”

वहिनींचा आवाज आला, तो एकदम खालच्या पट्टीत. “भावोजी, मी तुम्हाला लहानपणापासून बघतेय. तुम्ही खरे चिडलात की तोंडाला कुलूप लावता. स्टुलाच्या वेळी सहा महिने कुणाशीच शब्द काढला नाहीत. ओरडता ते फक्त नाटक करताना. काय चाललंय?”

धाकटा हसायला लागला. त्याला हसू आवरेना.

“वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं. दादा जिवंत माणसाचं पान उलटं वाचतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. मला ही करवली धूम पळायला हवी होती. ‘जलद’ लिहिलं असतं तर त्याने ती रांगवली असती. म्हणून ‘अति सावकाश’ लिहिलं. बघा, कसा घोड्यासारखा पळवतोय!”

“पण का?”

“लोक हसले पाहिजेत म्हणून. त्याच्या त्या आजोबांच्या चालीला सभागृहभर लोक हसले पाहिजेत, आणि लगेच पुढच्या क्षणाला खरी सिम्फनी सुरू झाली पाहिजे. मग ती शोकाची चाल आली की लोकांना बस पकडणारी माणसंच आठवणार. रडायला डोळे मिटून उभा असेल दादा, आणि त्याच्या पाठीमागे खी खी खी! त्याच्याच हाताने, वहिनी, त्याच्याच काठीने!”

“आणि माझी ओळ?”

“कुठली?”

“एकटीची.”

“अच्छा, ती!” धाकट्याला पुन्हा हसू फुटलं. “ती तर सगळ्यात भारी. सगळे धावताहेत आणि मध्येच एक व्हिओला एकटी, बावरलेली, धडपडतेय. लोक सगळ्यात जास्त तिलाच हसतील बघा.”

कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. बशी फुटली असं मी सांगत असतो, पण फुटली नव्हती.

“वहिनी, तुम्हाला माझी शप्पथ, दादाला सांगू नका.”

“मी कशाला सांगू?” वहिनी म्हणाल्या, आणि पेटीवरचा रुमाल उचलून गेल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. थोरले ताटल्या पुसत होते आणि वहिनी विसळत होत्या. हे मला पुढे वहिनींकडूनच कळलं, त्यात थोडा मीठमसाला माझ्या पदरचा.

“अहो, तुम्हाला तो माकड बनवतोय,” असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

थोरले एकच ताटली पुसत राहिले. तिच्यावरची फुलं जायची वेळ आली.

“म्हणजे मी उलटं करणार हे धरूनच त्याने उलटं लिहिलं.”

“हो.”

“असं.” मिशीचं टोक हललं. “मग मी सुलटं करतो.”

“उद्याच्या तालमीत?”

“छे! तालमीत पळवणार. त्याला पोटभर हसू दे. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र जसं लिहिलंय तसं. एक कण इकडेतिकडे नाही. अति सावकाश म्हणजे अति सावकाश. विनोद हळू सांगितला की काय होतं? मरतो. लोक जांभया देतील, खोकतील, आणि मग आजोबा येऊन सगळं धुऊन काढतील.” त्यांनी ताटली खाली ठेवली. “आणि मला कुणी बोल लावू शकणार नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा आज्ञाधारक असेन.”

“मला एवढंच हवंय की माझी ओळ ऐकू यावी.”

“ऐकू येईल,” थोरले म्हणाले. “इतकी ऐकू येईल की लोक कंटाळतील.”

नवऱ्याने बायकोला दिलेलं याहून गोड वचन मी ऐकलेलं नाही.

पुढच्या प्रत्येक तालमीत करवली धावली आणि धाकटा ओरडला. एकदा तर त्याने चप्पल काढून हातात घेतली. वहिनी शांतपणे आपली कोंबडी अंगणातून पळवत होत्या आणि पान उलटत होत्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. बिस्किटबाईंची भाची मधल्या सज्ज्यात, तिच्या शेजारी व्यवस्थापक, आणि धाकटा पाचव्या रांगेत नवा कोट घालून, हसायच्या तयारीने ओठ दाबून बसलेला.

थोरले आले. काठी वर गेली. आम्ही सगळे धावायच्या पवित्र्यात, मी तर एक पाय पुढे टाकून. आणि काठी खाली येईचना. ती उतरली ती अशी, जणू तिला खाली आपली कोण वाट बघतंय हेच आठवत नव्हतं. माझा पहिला सूर मी इतका लांब ओढला की माझा गज संपून पुढे बाजूच्याचा लागतो की काय असं वाटलं.

धाकट्याचे दाबलेले ओठ उघडे पडले.

थोरल्यांचा हिशेब चुकला तो तिथेच. त्यांना वाटलं होतं विनोद हळू सांगितला की मरतो. पण ज्या चालीची चेष्टा केली होती ती मुळातली शोकाची चाल. तिच्या पायाखालची घाई काढून घेतल्यावर ती आपल्या जुन्या जागी जाऊन बसली, आणि वर धाकट्याने केलेले ते तुकडे! एक वाद्य चार सूर म्हणून थांबायचं, दुसरं ते उचलायचं, जणू घरातल्या माणसांपैकी कुणालाच ती बातमी पुरती सांगवत नव्हती. आणि बासूनच्या उचक्या? जलद होत्या तोवर उचक्या होत्या. संथ झाल्यावर ते हुंदके झाले. पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने पत्रिका डोळ्यांपुढे धरली.

मग सगळे थांबले आणि वहिनी एकट्या उरल्या.

मी त्याचं वर्णन करणार नाही. ज्या बाईला आयुष्यभर मध्ये दाबून ठेवलंय, तिला एकदाच बोलायला मिळालं, आणि कुणी घाई करत नव्हतं, एवढंच सांगतो. सज्ज्यातली भाची हुंदका देऊन रडली, तो मला खाली ऐकू आला. थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांची काठी क्षणभर कुठे जायचं तेच विसरली. मग रागाने तिला पुन्हा आठवलं.

शेवटचा सूर विरत होता. अटीप्रमाणे लगेच सिम्फनी सुरू व्हायची. थोरल्यांनी काठी उचलली आणि पाठीमागे टाळ्यांचा कडकडाट झाला. काठी वर, टाळ्या चालूच. थोरल्यांनी डावा हात उंचावून गप्प बसवायला पाहिलं. लोकांना वाटलं ते वहिनींना उभं राहायला सांगताहेत, तर आणखीच टाळ्या. वहिनी उभ्या राहिल्या, वाकल्या, बसल्या.

त्यानंतर आजोबा आले आणि त्यांचं काय झालं ते सांगायला जड जातं. लोक रडून रिकामे झाले होते. ती सुप्रसिद्ध चाल आली, थोरल्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्या रांगेतल्या एका बाई शेजारणीला म्हणाल्या, “हे आत्ताच्याचंच उचललंय वाटतं.” थोरल्यांनी डोळे उघडले. मग शेवटपर्यंत मिटले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर धाकटा थोरल्यांच्या खोलीत दार न ठोठावता घुसला. वहिनी तिथे आपल्या व्हिओलाच्या तारांवरची राळ पुसत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, सरळ भावाला म्हणाला,

“दादा, हे काय केलंस?”

“तू लिहिलंस तसंच वाजवलं.”

“तुला कुणी सांगितलं होतं लिहिलंय तसं वाजवायला? जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीस! आणि आजच?”

“आज लहर आली.”

“माझी रचना मारलीस तू! ती हसायची होती. माझ्या सगळ्या आयुष्यात एक धड विनोद सुचला मला, त्याला तू सुतकात बसवलंस!”

“आणि तू माझ्या आजोबांना चोर ठरवलंस,” थोरले कडाडले. “ती बाई काय म्हणाली ऐकलंस?”

“ऐकलं. तेवढं एक बरं झालं.”

दोघांची नाकं एकमेकांना टेकतील इतके ते जवळ आले. “उद्या दुसरा प्रयोग आहे,” धाकटा म्हणाला. “उद्या जलद घ्यायचं.”

“पानावर लिही तसं. काळ्याने खोड, ‘जलद’ लिही, मी पळवतो. मलाही काही तुझी रडारड दुसऱ्यांदा ऐकायची हौस नाही.”

हे खरं होतं. उद्या करवली पळाली, तर आजोबांना त्यांची जागा परत मिळण्याची काहीतरी आशा होती. पण आपण होऊन पळवायची म्हणजे धाकट्याचा विनोद आपल्या हाताने उभा करायचा, आणि त्याला थोरल्यांचा हात धजेना. धाकट्याने खिशातून पेन काढलं, टेबलावरची मोठी प्रत ओढली.

तेवढ्यात व्यवस्थापक आत आले, डोळे लाल, दोन्ही हात पसरलेले. “काय लिहिलंय तुम्ही! भाचीबाई म्हणताहेत, ही रचना मावशीच्या नावाने अर्पण करा. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी वाजवू. आणि आजोबांच्या उरलेल्या सगळ्या सिम्फनींच्या जोडरचना तुम्हीच करायच्या. अशाच! अगदी अशाच, काळीज पिळवटणाऱ्या!” मग त्यांना पेन दिसलं. “काही दुरुस्ती?”

वहिनींनी राळेचं फडकं घडी करून ठेवलं.

“लिहा ना भावोजी,” त्या म्हणाल्या. “‘जलद’ लिहा. मग हे विचारतील, आधी ‘अति सावकाश’ का लिहिलं होतं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. भाचीबाईंनाही बोलावू या. त्यांना कळू दे की मावशीच्या अटीतून काय विनोद निघाला.”

धाकट्याने पेनाचं टोक कागदावर टेकवलं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. सगळं आयुष्य टेबल वाजवलेला माणूस तो. त्याने पेन उचललं, टोपण लावलं.

“नाही,” तो व्यवस्थापकांना म्हणाला. “फक्त सही करत होतो.”

थोरले त्याच्या पाठीकडे बघत खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख होतं की जिंकल्याचं, ते मला खिडकीतून नीट दिसलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. थोरल्यांनी दातओठ खात काठी उचलली आणि अति सावकाश खाली आणली. धाकटा पाचव्या रांगेत बसला होता. कोपरं खुर्चीच्या हातांवर रोवलेली, जबडा आवळलेला, तोंडाला कुलूप. व्हिओला एकटी वाजायला लागली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कसलं होतं हे मला आणि वहिनींना ठाऊक होतं. शेजारच्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी हळूच आपला रुमाल पुढे केला, आणि सगळी रांग बघत होती, म्हणून त्याला तो घ्यावा लागला.